रिकॉइल स्प्रिंग किती पौंडांची घ्यावी? : वाचकांचे प्रश्न

पकड आणि चाप यांवरील लेखांनंतर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच भागाविषयी आहेत, तो म्हणजे रिकॉइल स्प्रिंग. गोळी झाडल्यावर मागे जाणाऱ्या स्लाइडला (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाला) विरोध करून परत पुढे ढकलणारी, स्लाइडखालची ही स्प्रिंग. जड स्प्रिंग बसवली की पिस्तूल सुरक्षित राहते आणि हलकी बसवली की धक्का मऊ होतो, असा या पत्रांचा साधारण सूर आहे. दोन्ही समजुतींत तथ्य आहे, पण ते अर्धेच. आणि उरलेल्या अर्ध्यामुळेच बहुतेकांचे पिस्तूल अडकू लागते. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे पाच इंची नळीचे, १९११ पद्धतीचे (जॉन ब्राउनिंग यांच्या रचनेचे) .४५ एसीपी काडतुसाचे पिस्तूल आहे. फ्रेमला (पिस्तुलाच्या खालच्या सांगाड्याला) तडा जाऊ नये म्हणून एका ज्येष्ठ नेमबाजांच्या सल्ल्याने मी मूळची १६ पौंडांची स्प्रिंग काढून साडेअठरा पौंडांची बसवली. सरावासाठी मी १८५ ग्रेन (गोळीच्या वजनाचे लहान एकक) वजनाच्या गोळीची, सेकंदाला साधारण ७५० फूट वेग देणारी हलकी काडतुसे वापरतो. आता रिकाम्या पुंगळ्या पायाशीच पडतात, शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे थांबत नाही आणि अधूनमधून एखादी पुंगळी स्लाइडमध्ये उभी अडकते. स्प्रिंग वापराने सैल होईल, तोवर वाट पाहावी का?

उत्तर : वाट पाहू नये, १६ पौंडांची स्प्रिंग परत बसवावी. आपण लिहिलेल्या तीनही तक्रारींचे मूळ एकच आहे, ते म्हणजे स्लाइड पूर्ण मागे पोहोचत नाही. ती पुरेशा वेगाने मागे गेली नाही, तर पुंगळी इजेक्टरवर (तिला बाहेर उडवणाऱ्या दात्यावर) जोराने आपटत नाही आणि बाहेर पडण्याआधीच परत येणाऱ्या स्लाइडच्या तावडीत सापडते. शिवाय स्लाइडची खाच स्लाइड-स्टॉपच्या (स्लाइड मागे अडवून ठेवणाऱ्या खटक्याच्या) मागे गेलीच नाही, तर मॅगझिन रिकामे असूनही ती अडून राहू शकत नाही. नवी स्प्रिंग पहिल्या शे-दोनशे गोळ्यांत थोडी बसते हे खरे आहे, पण तेवढ्याने अडीच पौंडांचे अंतर भरून निघत नाही.

आता या आकड्याचा अर्थ पाहू, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. पाकिटावर छापलेले पौंड म्हणजे स्प्रिंगचे वजन नव्हे आणि काटेकोरपणे पाहिले तर तिचा कडकपणाही नव्हे. स्लाइड पूर्ण मागे गेली असताना स्प्रिंग जेवढ्या लांबीपर्यंत दाबली जाते, त्या लांबीला ती किती बलाने उलट ढकलते, एवढेच तो आकडा सांगतो. १६ पौंड म्हणजे सुमारे सव्वासात किलो. स्लाइड बंद असताना हीच स्प्रिंग यापेक्षा बरेच कमी बल लावते. तो सुरुवातीचा दाब पाकिटावर बहुधा छापलेला नसतो आणि दोन उत्पादकांच्या १६ पौंडांच्या स्प्रिंगा नेमक्या तिथेच एकमेकींपासून वेगळ्या असू शकतात. म्हणून पौंडांची तुलना करायची ती एकाच उत्पादकाच्या स्प्रिंगांमध्ये.

फ्रेम वाचवण्याच्या मुद्द्यासाठी थोडी आकडेमोड करावी लागेल. ती ढोबळ आहे, पण पुरेशी बोलकी आहे. अमेरिकी उद्योगाच्या मानकानुसार .४५ एसीपी काडतुसातील दाब दर चौरस इंचाला जास्तीत जास्त २१,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. गोळीच्या बुडाचे क्षेत्रफळ ०.१६ चौरस इंच धरले, तर त्या क्षणी गोळीला पुढे आणि स्लाइडला मागे ढकलणारे बल ३,३०० पौंडांच्या पुढे जाते. त्यासमोर स्प्रिंगचे १६ काय आणि साडेअठरा काय! जॉन ब्राउनिंग यांच्या या रचनेत नळी आणि स्लाइड एकमेकींत गुंतलेल्या अवस्थेत थोडे अंतर एकत्र मागे जातात. गोळीचे वस्तुमान १५ ग्रॅम आणि या जोडीचे अर्धा किलो धरले, तर गोळी नळीतून १० सेंटिमीटर पुढे जाईपर्यंत जोडी अवघी ३ मिलिमीटर मागे सरकते. म्हणजे गोळी बाहेर पडेपर्यंत चेंबर (नळीतील काडतुसाची जागा) बंद ठेवण्याचे काम एकमेकींत गुंतलेल्या खाचांनी आणि वस्तुमानाने केलेले असते. स्प्रिंगचा त्यात जवळजवळ काहीच वाटा नसतो.

स्प्रिंगचे काम त्यानंतर सुरू होते. पूर्ण ताकदीच्या काडतुसाने ही जोडी सेकंदाला सात-साडेसात मीटर वेगाने मागे निघते, म्हणजे तिच्यात १२ ते १४ जूल ऊर्जा असते. सुमारे पाच सेंटिमीटरच्या प्रवासात स्प्रिंगचा सरासरी विरोध पाच किलोच्या आसपास धरला, तर ती त्यातील अडीच जूल शोषते. साडेअठरा पौंडांची स्प्रिंग त्याच हिशेबाने पावणेतीन जूलच्या थोडी वर जाईल. उरलेली ऊर्जा नळी थांबवण्यात, हॅमर (फायरिंग पिनवर आपटून काडतूस पेटवणारा भाग) चढवण्यात आणि घर्षणात खर्च होते, आणि शिल्लक राहते ती फ्रेमवर आदळून आपल्या हातापर्यंत येते. फ्रेम वाचवण्यासाठी घेतलेल्या अडीच पौंडांनी प्रत्यक्षात एवढासाच फरक पडतो. पूर्ण ताकदीच्या काडतुसांसाठी तो उपयोगी पडू शकतो, हे मी नाकारत नाही. पण स्प्रिंग हा मुळातच कमकुवत ब्रेक आहे, हे लक्षात ठेवावे. स्लाइडची सुरुवात मंद करायची असेल, तर ते काम हॅमरची मुख्य स्प्रिंग आणि फायरिंग पिन स्टॉपची (फायरिंग पिन जागेवर धरणाऱ्या पट्टीची) खालची कड अधिक चांगले करतात. ही कड जितकी कमी गोलाई दिलेली, तितका हॅमर चढवताना स्लाइडला जास्त जोर लावावा लागतो. सुरुवातीच्या १९११ पिस्तुलांत ती कड कमी गोल होती; पुढे स्लाइड हाताने ओढणे सोपे व्हावे म्हणून तिची गोलाई वाढवली गेली.

आता आपली हलकी काडतुसे घेऊ. १८५ ग्रेन गुणिले ७५० फूट म्हणजे १,३८,७५०. नेहमीची २३० ग्रेनची गोळी ८३० फुटांनी गेली तर गुणाकार १,९०,९०० येतो. म्हणजे संवेग सुमारे २७ टक्क्यांनी कमी झाला. ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्यामुळे स्लाइडमधील ऊर्जा मात्र जवळजवळ निम्म्यावर आली. मिळकत निम्मी झाली असताना आपण खर्च वाढवला, असाच हा व्यवहार आहे.

जड स्प्रिंगची दुसरी बाजू फारशी कोणी सांगत नाही. तिने साठवलेली ऊर्जा नाहीशी होत नाही, ती स्लाइडला पुढे फेकण्यासाठी परत मिळते. स्लाइड बंद होताना तो आघात नळीच्या खालच्या पायांवर आणि स्लाइड-स्टॉपच्या दांड्यावर बसतो, आणि नळीचे तोंड खाली झुकते. म्हणजे मागचा आघात थोडा कमी करताना आपण पुढचा वाढवलेला असतो.

आपल्या काडतुसांसाठी १६ पौंडांवर काम बिनचूक झाले, तर तिथेच थांबायलाही हरकत नाही. तरीही पुंगळ्या जवळच पडत असतील, तर १४ आणि गरज पडल्यास १२ किंवा १३ पौंडांची स्प्रिंग वापरून पाहावी. हलक्या लक्ष्यवेधी काडतुसांसाठी हा पट्टा नेहमीचाच आहे. प्रत्येक वेळी मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरून गोळी झाडावी आणि स्लाइड मागे थांबते का ते पाहावे. हे किमान दहा वेळा दोन्ही हातांनी आणि दहा वेळा एका हाताने करावे. पुंगळ्या साधारण तीन ते सहा फुटांवर, म्हणजे एक ते दोन मीटरच्या आत पडत असतील, तर स्प्रिंग जवळपास योग्य आहे असे समजतात. या खुणेवर माझा पूर्ण विश्वास नाही, कारण एक्स्ट्रॅक्टरचा (पुंगळी चेंबरमधून ओढून काढणाऱ्या आकड्याचा) ताण आणि इजेक्टरचा आकार यांनीही पुंगळीचे अंतर आणि दिशा बदलते. मात्र तेच पिस्तूल, तीच काडतुसे आणि फक्त स्प्रिंग बदललेली, अशा तुलनेत ती चांगली उपयोगी पडते. पूर्ण ताकदीची काडतुसे भरण्यापूर्वी १६ पौंडांची स्प्रिंग आठवणीने परत बसवावी.

स्प्रिंग बदलताना पिस्तूल रिकामे असल्याची खात्री दोनदा करावी आणि डोळ्यांवर चष्मा असावा. या पिस्तुलात स्प्रिंगच्या तोंडावरील टोपी बोटाखालून निसटली, तर ती छतापर्यंत जाते. मी ती शोधण्यात एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

प्रश्न : मी पॉलिमर फ्रेमचे, स्ट्रायकर पद्धतीचे (हॅमरऐवजी आतल्या, स्प्रिंगवरच्या पिनने काडतूस पेटवणारे) ९ मिमी पिस्तूल गतिमान नेमबाजीच्या स्पर्धांत वापरते. त्यात १७ पौंडांची स्प्रिंग आहे. माझी काडतुसे १२४ ग्रेन आणि १,०५० फूट अशी आहेत. संघातील सहकारी १३ पौंडांची स्प्रिंग बसवायला सांगतात. दुसरी गोळी लवकर आणि नेमकी जावी, एवढीच माझी अपेक्षा आहे. त्यांचे ऐकावे का?

उत्तर : सरळ १३ वर जाऊ नये. आधी १५ पौंडांची स्प्रिंग वापरून पाहावी आणि तिथेच समाधान झाले तर पुढे जाऊ नये.

आपल्या काडतुसांचा पॉवर फॅक्टर, म्हणजे ग्रेन आणि फूट यांच्या गुणाकाराला हजाराने भागून येणारा आकडा, १३०.२ येतो. आयपीएससी या गतिमान नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मायनर (कमी ताकदीच्या काडतुसांच्या) गटासाठी किमान १२५ लागतो, म्हणजे आपली काडतुसे नियमाच्या थोडीच वर आहेत. पूर्ण ताकदीच्या काडतुसांचा विचार करून दिलेली स्प्रिंग अशा काडतुसांना थोडी जड पडते, हे सहकाऱ्यांचे निरीक्षण बरोबर आहे. स्प्रिंग हलकी केल्याने एकूण धक्का कमी होत नाही, कारण तो गोळी आणि वायू यांच्या संवेगावर ठरतो. बदलते ती त्याची वाटणी. हलकी स्प्रिंग मागे जाताना हाताला कमी ढकलते, पण मागच्या टोकाला स्लाइड जास्त जोराने आदळते. परत येताना ती हळू येते, त्यामुळे नळीचे तोंड कमी झुकते. काहींच्या हाताला हा बदल आवडतो, तर काहींना माशी (नळीच्या टोकाकडची नेमखूण) वर रेंगाळल्यासारखी वाटते. दोघेही आपापल्या पकडीपुरते खरेच सांगत असतात.

ठरवण्याची एक जुनी रीत आहे. जवळच्या अंतरावर, डोळ्याने दुसऱ्यांदा नेम न धरता दोन गोळ्या झटपट झाडाव्यात, आणि असे पंधरा-वीस वेळा करावे. दुसरी गोळी सातत्याने पहिलीच्या खाली लागत असेल, तर परत येणारी स्लाइड तोंड झुकवत आहे, म्हणजे स्प्रिंग जड आहे. ती सातत्याने वर लागत असेल, तर माशी अजून खाली यायची आहे, म्हणजे स्प्रिंग हलकी आहे किंवा पकड सैल आहे. पकड प्रत्येक वेळी बदलत असेल, तर या चाचणीतून काहीच निष्पन्न होणार नाही, आणि तेव्हा स्प्रिंगचा विषय बाजूला ठेवून पकडीवर काम करावे. वेगवेगळ्या पौंडांच्या पाच-सहा स्प्रिंगा हाताळून झाल्यावर आपला प्रश्न मनगटाचा होता, हे कळलेले बरेच नेमबाज मला भेटले आहेत.

आपल्या पिस्तुलाच्या बाबतीत सावधगिरीचे खरे कारण निराळेच आहे. हॅमरच्या पिस्तुलात स्लाइड मागे जातानाच हॅमर चढतो. ग्लॉकसारख्या स्ट्रायकर पद्धतीच्या पिस्तुलात मात्र स्लाइड पुढे येत असताना स्ट्रायकर अडतो आणि त्याची स्प्रिंग ताणली जाते. म्हणजे शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये रिकॉइल स्प्रिंगला काडतूस चेंबरमध्ये घालायचे असते आणि त्याच वेळी स्ट्रायकरच्या स्प्रिंगशी झगडायचेही असते. रिकॉइल स्प्रिंग फार हलकी झाली, तर पिस्तुलात थोडी काजळी साचल्यावर स्लाइड केसभर उघडी राहू शकते. त्याची तपासणी सोपी आहे. पिस्तूल पूर्ण रिकामे करावे, मॅगझिन काढावे, पुन्हा खात्री करावी आणि तोंड सुरक्षित दिशेला पण साधारण ४५ अंश वर धरावे. चाप दाबून तसाच दाबलेला ठेवावा, स्लाइड पूर्ण मागे न्यावी आणि हाताने सावकाश पुढे येऊ द्यावी. शेवटच्या टप्प्यात तिने स्वतःहून पूर्ण बंद व्हायला हवे. ती अडली, तर ती स्प्रिंग त्या पिस्तुलासाठी नाही, मग ती कितीही नवी असो. वापरून झिजलेल्या मूळ स्प्रिंगसाठीही हीच तपासणी करावी.

धातूच्या फ्रेमच्या, हॅमरच्या स्पर्धा-पिस्तुलांचे नेमबाज ११ पौंडांची, काही तर त्याहूनही हलकी स्प्रिंग सुखाने वापरतात. ते पाहून आपल्या पिस्तुलाचा निर्णय घेऊ नये. त्यांच्या स्प्रिंगला परतीच्या वाटेवर स्ट्रायकरचे ओझे नसते, आणि जड फ्रेममुळे हाताला लागणारी वाटणीही वेगळी असते. त्याचप्रमाणे नव्या पिढीच्या पिस्तुलांतील एकात एक बसवलेल्या दोन स्प्रिंगांच्या जोडीची तुलना जुन्या एकेरी स्प्रिंगच्या आकड्याशी करता येत नाही. आणि ज्या पिस्तुलावर संरक्षणासाठी भिस्त ठेवायची, त्यात कारखान्याची स्प्रिंगच असावी.

प्रश्न : माझ्या एका विद्यार्थिनीला पूर्ण आकाराच्या ९ मिमी पिस्तुलाची स्लाइड ओढता येत नाही. तिच्यासाठी हलकी स्प्रिंग बसवणे योग्य ठरेल का? — एक प्रशिक्षक

उत्तर : तो शेवटचा उपाय असावा. स्लाइड ओढताना सुरुवातीला जो जोर लागतो, त्यातला बराच वाटा हॅमरच्या स्प्रिंगचा असतो. हॅमर बाहेरून दिसत असेल, तर रिकाम्या पिस्तुलावर तो आधी अंगठ्याने चढवून मग स्लाइड ओढायला सांगावे. फरक तिला लगेच जाणवेल. दुसरे असे, की बहुतेक नवशिके एका हाताने पिस्तूल घट्ट धरून दुसऱ्या हाताच्या दोन बोटांच्या चिमटीने स्लाइड ओढतात. त्याऐवजी स्लाइड पूर्ण पंजाने वरून धरावी, पिस्तूल छातीजवळ घ्यावे आणि मुठीचा हात पुढे ढकलावा. नळीचे तोंड मात्र या सगळ्यात लक्ष्याच्या दिशेलाच राहिले पाहिजे, कारण जोर लावताना ते बाजूला वळण्याचा धोका असतो. एवढे करूनही जमत नसेल, तर तिला काही महिने .२२ पिस्तुलावर शिकवावे.

हलकी स्प्रिंग बसवायचीच ठरली, तर तिच्या काडतुसांवर आणि पकडीवर ती तपासावी. उलटेही घडते: नवशिक्याचे मनगट सैल असेल, तर स्लाइडबरोबर फ्रेमही मागे जाते, स्लाइडचा सापेक्ष प्रवास अपुरा राहतो आणि पिस्तूल अडकते. अशा वेळी एक-दोन पौंडांनी हलकी स्प्रिंग तात्पुरती मदत करते. पण तेच पिस्तूल आपण स्वतः चालवून पाहिलेत आणि ते सुरळीत चालले, तर दोष कुठे आहे हे आपल्याला कळेलच.

प्रश्न : एकाच .४५ काडतुसासाठी पाच इंची पिस्तुलाला १६, सव्वाचार इंची पिस्तुलाला १८ आणि साडेतीन इंची पिस्तुलाला २२ ते २४ पौंडांची स्प्रिंग का लागते? छोट्या पिस्तुलाला हलकी स्प्रिंग पुरायला हवी ना? आणि ती किती गोळ्यांनी बदलावी?

उत्तर : छोट्या पिस्तुलाची स्लाइड हलकी असते. गोळीचा संवेग जवळपास तोच असताना हलकी स्लाइड जास्त वेगाने मागे निघते, आणि संवेग तोच असताना वस्तुमान कमी झाले की ऊर्जा वाढते. त्यातच तिचा मागे जाण्याचा प्रवासही आखूड असतो. जास्त ऊर्जा कमी अंतरात आवरायची, तर बल वाढवावेच लागते. शिवाय स्प्रिंगला जागाही कमी मिळते, म्हणून ती अधिक दाबली जाते आणि लवकर थकते. काही छोट्या पिस्तुलांत एकात एक दोन स्प्रिंगा असतात, त्याचे कारण हेच. छोट्या पिस्तुलात निवडीला वावही कमी असतो. पाच इंची पिस्तूल दोन-तीन पौंडांचा फेरफार सहन करते, साडेतीन इंची करेलच असे नाही. तिथे उत्पादकाने सांगितलेल्या आकड्यावरून न हललेले बरे.

बदलण्याबाबत आधी पिस्तुलाच्या माहितीपुस्तिकेतला आकडा पाळावा. माझा स्वतःचा शिरस्ता असा, की पाच इंची पिस्तुलाची स्प्रिंग मी २ ते ३ हजार गोळ्यांनी बदलतो आणि साडेतीन इंचीची हजाराच्या आत. पुंगळ्या पूर्वीपेक्षा दूर जाऊ लागल्या किंवा स्लाइड बंद होताना सुस्तावली, तर आकड्याची वाट पाहत नाही. सगळ्या सुट्या भागांत हा भाग स्वस्तातला आहे, आणि तो वाचवून कोणाचा फायदा झाल्याचे मी पाहिलेले नाही.

प्रश्न : हेच नियम .२२ आणि .३८० च्या ब्लोबॅक पिस्तुलांना लागू होतात का?

उत्तर : नाही. ब्लोबॅक पिस्तुलात नळी आणि स्लाइड गुंतलेली नसते. पुंगळीला मागून रोखणारी असते ती स्लाइडचे वस्तुमान आणि तिच्यामागची स्प्रिंग. तिथेही मोठा वाटा वस्तुमानाचाच आहे, पण स्प्रिंग हलकी केल्याची किंमत लगेच मोजावी लागते: स्लाइड फार वेगाने मागे जाते, पुंगळ्या फुगलेल्या किंवा फाटलेल्या दिसतात आणि फ्रेमवर आघात वाढतो. या पिस्तुलांत मूळ आकड्याखाली जाऊ नये. .२२ च्या लक्ष्यवेधी पिस्तुलांची स्प्रिंग बहुधा ४० ग्रेनच्या, साध्या वेगाच्या काडतुसांना धरून निवडलेली असते. त्यात अतिवेगवान काडतुसे भरणे म्हणजे न सांगता स्प्रिंग हलकी करण्यासारखेच आहे. तक्रार आली तर आधी काडतूस बदलून पाहावे.

प्रश्न : दाबेल तशी अधिकाधिक कडक होत जाणारी स्प्रिंग आणि फ्रेमजवळ बसवायची रबरी गादी यांविषयी आपले मत काय?

उत्तर : बदलत्या कडकपणाच्या स्प्रिंगमध्ये काही वेढे जवळजवळ आणि काही दूरदूर असतात. जवळचे वेढे एकमेकांना टेकले की उरलेल्यांवर भार येतो आणि विरोध चढत जातो. बंद अवस्थेतील दाब कमी असल्याने स्लाइड हाताने ओढायला हलकी वाटते, पण काडतूस चेंबरमध्ये ढकलण्याच्या शेवटच्या टप्प्यावर जोरही कमी मिळतो. स्वच्छ पिस्तुलात चालते. घाणीत मला साधी स्प्रिंग अधिक भरवशाची वाटते.

रबरी गादी आघात थोडा मऊ करते, मात्र तेवढाच स्लाइडचा प्रवासही कमी करते. त्यामुळे शेवटच्या गोळीनंतर स्लाइड थांबते का, हे नव्याने तपासावे लागते. शिवाय तिचे तुकडे पडले तर ते यंत्रणेत जातात. सरावाच्या पिस्तुलात ती वापरायला हरकत नाही, पण दर सफाईला काढून पाहावी.

प्रश्न : माझ्या पेटीत १२, १४, १६ आणि १८ पौंडांच्या स्प्रिंगा मिसळल्या आहेत. सगळ्या एकाच उत्पादकाच्या आहेत. ओळखायच्या कशा? तसेच १८ पौंडांच्या स्प्रिंगचे दोन वेढे कापून ती १६ ची करता येईल का?

उत्तर : आधी दुसऱ्या भागाचे उत्तर देतो: कापू नये. स्प्रिंगचा कडकपणा कामाच्या वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. ३० पैकी दोन वेढे कापले, तर उरलेली स्प्रिंग सुमारे ७ टक्क्यांनी अधिक कडक होते, पण आखूड झाल्यामुळे बंद अवस्थेतील दाब घटतो. म्हणजे मागच्या टोकाला अपेक्षेइतकी हलकी न होता, काडतूस चेंबरमध्ये बसवण्यासाठी जो जोर सर्वांत जास्त लागतो तोच आपण कापून टाकलेला असतो. १६ ची हवी असेल, तर १६ ची आणावी.

ओळखण्यासाठी नुसती लांबी पाहून उपयोग नाही, कारण वापरलेली जड स्प्रिंग नव्या हलक्या स्प्रिंगपेक्षा आखूड झालेली असू शकते. तारेची जाडी मायक्रोमीटरने मोजावी. बाकी मापे तीच असतील, तर कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो: तार ५ टक्क्यांनी जाड झाली, की स्प्रिंग २१ टक्क्यांच्या वर कडक होते. म्हणूनच १४ आणि १६ पौंडांच्या तारांमधील फरक डोळ्याला दिसत नाही, पण मापात येतो. जाडी सारखीच आली, तर कामाचे वेढे मोजावेत. तरीही शंका राहिली, तर स्प्रिंग तिच्या दांड्यावर चढवून, दांड्याला मोकळी जागा मिळेल अशा रीतीने, साध्या काट्यावर उभी दाबावी. स्लाइड पूर्ण मागे असताना तिला जेवढी लांबी उरते, तेवढ्यापर्यंत दाबून आकडा वाचावा; किलोला २.२ ने गुणले की पौंड मिळतात. नव्या, ओळखीच्या स्प्रिंगवर आधी एकदा हे करून घेतले, तर काट्याची आणि हाताची चूक किती येते तेही कळते. याच वेळी आणखी एक गोष्ट पाहावी: त्या लांबीला पोहोचण्यापूर्वीच वेढे एकमेकांना टेकत असतील, तर ती स्प्रिंग या पिस्तुलाची नाही, आणि ती बसवून गोळी झाडली तर स्लाइड फ्रेमऐवजी घट्ट मिटलेल्या वेढ्यांवर आदळेल.

मोजून झाल्यावर प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या पिशवीत घालून तिच्यावर पौंड आणि झाडलेल्या गोळ्यांची संख्या लिहावी. जिची ओळख पटली नाही, ती टाकून द्यावी.